उ म्हणजे उजवा नव्हे

प्रिय ढापणे,

आधी एक गंभीर तक्रार. तू प्रयोगशाळा सोडून गेल्यापासून सूक्ष्मदर्शकासमोरचं स्टूल बसल्याबसल्या खाली सरकतं. माशाच्या पिल्लाच्या डोळ्याला डोळा भिडवावा, तोवर माझी हनुवटी टेबलावर. अर्ज केला, तर उत्तर आलं, वजन कमी करा. माणसाने विज्ञानाची सेवा करावी तरी कशी?

बाकी ठीक. तुझा लेख वाचला. माशाच्या वाढत्या डोळ्यातल्या मूळपेशी आणि त्यांच्यात जागं होणारं जनुक! नाव भारदस्त आहे. पहिल्याच पानावर मी टिपलेलं चित्र, माशाच्या डोळ्याच्या काठावर निळं कडं, बांगडीसारखं. खाली नाव तुझं. मी सापडले शेवटी, आभारात, ‘माशांची निगा राखल्याबद्दल’. इतकी वर्षं एका टेबलावर काढली, एका डब्यात जेवलो, आणि मी निघाले माशांची आया! चष्म्यामुळे तुला ढापणी म्हणायला लागले, तेव्हा ढापण्याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात नव्हता. तुझ्या असावा.

मासा जन्मभर वाढतो, त्याचा डोळाही. काठावरच्या मूळपेशी नवनव्या पेशी घालत राहतात. ते पहिल्यांदा पाहून आपण दोघी कशा हरखलो होतो! चित्र मागितलं असतंस तर दिलं असतं गं. तू विचारलंसही नाहीस, ते लागलंय.

आता नीट वाच. त्या चित्रावर मी ‘उ’ लिहिलंय. तू छापलंस ‘उजवा डोळा’. बाई, उ म्हणजे उलटा! जनुक शोधायला आपण दोन धागे सोडायचो; जनुक जागं असेल तिथे जुळून रंग धरतो, त्याला आपण सुलटा म्हणायचो. उलट्याने कुठेच रंग धरायचा नसतो, तो नुसता पडताळ्यासाठी. त्यातही कडं उमटलं, म्हणजे रंग आपला आपणच काठाला बसतोय. कडं खोटं आहे. शेजारचं ‘सु’चं चित्र उघडून पाहिलं असतंस, तर तेच कडं दिसून शंका तरी आली असती. म्हणूनच मी ते कधी छापलं नाही.

सोमवारच्या परिषदेत तू हेच चित्र लावणार. पहिल्या रांगेत बसून मी एकच प्रश्न विचारणार होते. आरशासमोर म्हणूनही पाहिला. छान जमत होता.

पण माझ्या पहिल्या भाषणाआधी पडद्यावर भलतंच चित्र लागलं होतं, आणि तू मागून येऊन कानात सांगितलंस, कुणाला पत्ता न लागू देता. त्याची फेड राहून गेली होती. म्हणून हे पत्र आजच टाकतेय. लेख तुझा तूच मागे घे. मी कुणाला बोललेले नाही, सोमवारी येणारही नाही.

तुझीच, अजून तरी,
टेबलापलीकडची