हाऊबेराची शिशी

मलकापूर, माघ महिना

प्रिय विमल,

हे पत्र गोजरबाईच्या हातून तुला मिळेल. ती आमच्याकडे जळतण घेऊन येते आणि तिची लेक आपल्या संग्रामपूरलाच दिलेली आहे. तिला चहा पाज आणि पत्र परसात जाऊन एकटीने वाच. वाचून झालं की चुलीत घाल. मायने विचारलं तर ताईने खुशाली कळवली म्हण. पुढच्या आठवड्यात आमच्या घरचे लोक तुला बघायला येऊन राहिले आहेत, माझ्या धाकट्या दिरासाठी, पंजाबराव भाऊजींसाठी. माय तर हरखून गेली असेल, दोघी बहिणी एका घरात नांदतील म्हणून. ते येण्याआधी तुला सगळं सांगायचं आहे. गुरुजींनी शिकवलं तसं शुद्ध लिहायचं ठरवून बसले आहे, पण मन भरून आलं की माझी वऱ्हाडी सुटते, तेव्हा हसू नको.

मला बघायला आले होते तो दिवस आठवतो का गं? नवीन राज्य झालं म्हणून गावात साखर वाटली होती, त्याच उन्हाळ्यात. बाबा परसात ओव्याचा अर्क काढत होते आणि तू देगीखाली फुंकर घालून घालून तोंड काळं करून घेतलं होतंस. दुसरीकडचे पाहुणे पोरीला चालायला लावतात, पापड लाटायला लावतात. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, पिशवीतून बुचाची एक शिशी काढली, माझ्या नाकाखाली धरली आणि विचारलं, यात काय काय आहे, सांग पोरी. मी ताडताड सांगत गेले. मोहाची फुलं, धणे, संत्र्याची साल, ज्येष्ठमध, थोडी वेलची, आणि एक असं काही जे मला ठाऊक नाही, पण सातपुड्यात ओलं लाकूड चिरलं की जसा वास सुटतो तसं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठून उभेच राहिले. बाबांची छाती अशी फुगली की विचारू नको. लग्न तिथेच ठरलं, हुंड्याचा शब्दसुद्धा निघाला नाही.

जे ओळखू आलं नाही ते हाऊबेर. काळी, वाटाण्याएवढी फळं असतात, काष्ठौषधीच्या दुकानात पोटदुखीवर देतात. आमचे मामाजी, महादेवराव, तरुणपणी इथल्या कापसाच्या कंपनीतल्या एका गोऱ्या साहेबाचे खानसामा होते. लढाईच्या दिवसांत विलायतेच्या बोटी येईनात, साहेबाला त्याची जिन नावाची दारू मिळेना, तो सुकत चालला. तेव्हा मामाजींनी हे हाऊबेर शोधून काढलं आणि मोहाच्या दारूवर दुसऱ्यांदा भट्टी लावून त्याला जिन करून दिली. साखरेचा कण नाही त्यात, अगदी कोरडी. साहेब गेला, तांब्याची देग राहिली. मग दारूबंदी आली आणि त्या देगीला सोन्याचा भाव आला. एका वेळी डझनभर बाटल्याच निघतात. स्टेशनावर उतरणारी बडी माणसं त्यासाठी निरोपावर निरोप धाडतात.

खरं सांगू? पहिलं वर्ष मी फार सुखात होते. सून म्हणून आले आणि मला देग दिली, चूल नाही! काय काय करून पाहिलं मी. बाबांच्या बांधावरच्या संत्र्यांच्या साली सावलीत वाळवून घातल्या, वाळ्याची दोन मुळं घातली. पहिली धार नाकात टोचते, ती टाकायची. शेवटची धार ओल्या घोंगडीसारखी येते, तीही टाकायची. मधली तेवढी धरायची, आणि कुठून कुठपर्यंत मधली, ते फक्त नाक सांगतं. एकदा ह्यांनी स्टेशनावरून बर्फ आणला, लिंबू पिळून वाटीभर मला दिली. मायबाई, काय सांगू तुला! आधी गार, मग संत्रं, आणि मागून अख्खा डोंगर आला घशात. आम्ही दोघं उगाच हसत बसलो. तू कुणाला सांगू नको.

पण ती खोली आतली आहे, विमल. तिला खिडकी नाही, होती ती विटांनी बुजवली आहे. भट्टीचा वास माझ्या लुगड्यात, केसांत बसला, तेव्हापासून मला कुठेच पाठवत नाहीत. हळदीकुंकू नाही, देऊळ नाही, नदी नाही. कोणी वास ओळखला तर पोलीस दारात येतील, असं आत्याबाई म्हणतात, आणि ते खोटंही नाही. मी दिवाळीला येत नाही म्हणून तू रुसलीस ना? अगं, बाबा मला माहेरी न्यायला मुऱ्हाळी धाडायचे आणि इकडून दरवेळी सांगायचे, सुभद्राले बरं नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मले काय झालं होतं व? काही नाही. तेव्हा मी चांगली धडधाकट होते.

आजारी पडले ती यंदा, दिवाळीनंतर. ताप उतरला, पण नाक गेलं. आधी वाटलं सर्दी असेल. मग एक दिवस भाजी करपून कोळसा झाली, घर धुरानं भरलं आणि मी तिथंच बसून धणे निवडून राह्यली होती. कुणाला बोलले नाही. बाटली हलवून फेस बघायचा, धार बोटांवर चोळायची, असं अंदाजानं काढत राहिले. एक भट्टी बिघडली, गिऱ्हाइकांनी बाटल्या परत धाडल्या. मग गेल्या आठवड्यात आत्याबाई मागून आल्या आणि हिंगाची पुडी माझ्या नाकापाशी धरून उभ्या राहिल्या. मी मान वळवली नाही. त्यांनी पुडी परत बांधली आणि बाहेर गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पंजाबरावांच्या लग्नाचा विषय निघाला आणि तुझं नाव आलं.

दोन दिवस मी खूश होते, विमल. हे तुले सांगायलाच पाहिजे. तू येशील, आपण एका ताटात जेवू, तू मले गावच्या गोष्टी सांगशील. मी तुझ्यासाठी फणीसुद्धा काढून ठेवली. मग काल त्या आंधळ्या खोलीत दिवा नेला आणि माझ्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला दिसला. तेव्हा उमगलं, माय वं. त्याहिले सून नको, नाक पाह्यजे, अन् तुझं नाक माझ्यासारखंच आहे. म्हणून सांगून राह्यली. पाहुणे येतील, शिशी काढतील, तुझ्या नाकाखाली धरतील. बिघडलेली नाही आणणार, माझी पहिल्या वर्षीची आणतील, मी सगळ्यात जीव लावून काढलेली. त्यात बाबाच्या बांधावरचं संत्रं आहे. वास आला की तुले घर आठवेल, मी आठवेन, डोळ्यांत पाणी येईल. येऊ देऊ नको. तोंड कोरडं ठेव आणि म्हण, मले तर बाप्पा काहीच वास येत नाही, पाणी आहे का हे?

तुझीच,
सुभद्राताई