नव्या पिकअपची काच

महाळुंगे पडवळ, शनिवार, डिसेंबर २००४

नवी पिकअप येऊन आठवडा झाला. गणेश, माझा थोरला, सीटवरचं प्लास्टिक अजून काढू देत नाही. माल जास्त घेते, डिझेल कमी खाते, सगळं खरं. पण एवढी गुमान चालणारी गाडी कशाला हवी? जुनी ओढ्याला आली की खडखडाट घरापर्यंत यायचा, आणि बायको चहा टाकायची. जुनीची काच अर्ध्यात अडकलेली. कोपर बाहेर काढून बसायचं, मंचरपर्यंत भेटेल त्याला हाक मारायची. लई मजा. नवीची काच गणेश कायम वर ठेवतो. धूळ येते म्हणे. का कुणाशी बोलायलाच नको?

आज संध्याकाळी अंगणात बायकोला सांगत होतो, "जुनीला काय झालं व्हतं? सासऱ्याच्या नादानं घेतली त्यानं ही. उद्या वेगळं निघायचं म्हणंल, बघ तू." बायको नुसती माझ्या मागं बघत राहिली. वळलो तर पिकअप दारात उभी, गणेश आत बसलेला. आवाजच नाही, कळणार कसं? काच वर होती. होती ना? का माझं बोलणं संपल्यावर वर गेली?

गणेशनं हातपाय धुतले. तोंडावर काही दिसेना. चहाचा कप माझ्या हातात देताना म्हणाला, "आण्णा, काच वर व्हती. मला काय ऐकू नाय आलं."

मी तर त्याला काही विचारलंच नव्हतं.