शशिकांतचं एक ताट जास्त

विद्यानगर, हैदराबाद
घटस्थापनेनंतरचा मंगळवार, १९९९

प्रिय शशिकांत,

हर्षवर्धनचा बसल्या जागेवरून, पण मनापासून नमस्कार. आम्ही सर्व इकडे मजेत आहोत. तू जिवंत आहेस ना? पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारायची रीत असते म्हणून विचारतोय असं समजू नकोस, खरोखरच विचारतोय. पितृपक्षात बरकतपुऱ्याला, आपल्या सुशीलाबाईंच्या खानावळीत, एका भल्या गृहस्थाने तुझ्या ताटाला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "यांची तिथी कोणती?" (आधी दोनदा ई-मेल केला होता. तो जसाच्या तसा परत आला. त्यामुळे त्या गृहस्थांना ठामपणे 'नाही हो' म्हणायचीही सोय राहिली नाही.)

त्या गृहस्थांचा काही दोष नाही. हणमंतराव त्यांचं नाव, बँकेत आहेत, नांदेडहून नुकतीच बदली झालीय. त्यांनी रोज रात्री पाहिलं की भिंतीकडे एक वेगळा पाट मांडतात, त्यावर झाकलेलं ताट असतं, ताटातल्या गवारीत गूळ असतो (आपल्या खानावळीत! गवारीत! गूळ!), आणि त्या पाटावर कुणीच येऊन बसत नाही. विचारलं तर सुशीलाबाई म्हणतात, "शशीचं हाय ते." आता पक्ष पंधरवड्यात शहाण्या माणसाने यातून काय अर्थ काढावा? दुसऱ्या दिवशी त्यांनी एक घास बाहेर कठड्यावर ठेवला. कावळा आला नाही रे. "कायतरी इच्छा राहिलीय वाटतं," असं म्हणून ते बिचारे दिवसभर परेशान होते.

हे ताट कसं सुरू झालं ते तुला आठवत नसणार, कारण पुण्याला गेल्यावर माणसं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात. आपण दोघं काचीगुड्याच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना फॉक्सप्रो शिकवायचो. तिथला मोडीत निघालेला कंप्युटर आपण रिक्षात घालून, मांडीवर मॉनिटर घेऊन सुशीलाबाईंकडे आणला आणि ज्वारीच्या डब्यांशेजारी मांडला. बाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि वर जुन्या लुगड्याचं झाकण घातलं. काय दिवस होते यार! सगळा देश म्हणे जगाला दारं उघडायला लागला होता आणि आपण त्या निळ्या पडद्यासमोर बसून माणशी भाजी किती लागेल याचा प्रोग्राम लिहीत होतो. तू मला शिकवायचास (तुला दुसऱ्याला शिकवल्याशिवाय अन्न पचायचं नाही): एका फंक्शनने एकच काम करावं, नाव असं द्यावं की उद्या परक्यालाही कळावं, प्रत्येक बदलाआधी जुनी प्रत बाजूला ठेवावी, आणि प्रोग्रामच्या पोटात कुणा माणसाचं नाव कधी म्हणजे कधीच थेट लिहू नये. शेवटचा नियम सांगताना तर तू बोट वर करायचास. ते बोट माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

सकाळी कामावर जाताना ज्याने त्याने आपल्या नावापुढे 'जेवणार' असं दाबायचं, संध्याकाळी मशीनने यादी छापायची आणि भाजीला जेवणाऱ्यांच्या आकड्याने भागून माणशी वाटा सांगायचा, एवढाच तो प्रोग्राम. मस्त चालला. मग दिवाळी आली, पोरं गावाला गेली, जेवणारे झाले शून्य. शून्याने भागायला गेलं आणि मशीन जागच्या जागी आडवं! बाई घाबरल्या, "माझ्यानंच मेलं का रं ते?" म्हणाल्या. तू आत गेलास, टकटक केलीस आणि लगेच बाहेर आलास. मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू केलीस आणि तो एक कोण, असं कुणी विचारलं तर म्हणून यादीच्या डोक्यावर स्वतःचं नाव टाकलंस. थेट. प्रोग्रामच्या पोटात. बोट वर करणारा माणूस तू! वर मला म्हणालास, "तात्पुरतं आहे रे, नंतर नीट करू."

नंतर तू केलंस काय, तर पुण्याला मुलाखतीला गेलास. नामपल्लीला गाडी पकडायच्या आधी खानावळीत डोकावून बाईंना म्हणालास, "परवा रात्री वाढून ठेवा, येतोच." तिथेच नोकरी लागली, तिथेच राहिलास. तुझं सामानसुद्धा मीच पार्सल केलं. दुसरा कुणी सोडून गेला की आपण त्याचं नाव फाइलमधून काढतो, पण तुझं नाव फाइलमध्ये नाहीच, ते हाडात आहे. तेव्हापासून आजतागायत, सण असो, संप असो, कर्फ्यू असो, रोज संध्याकाळी तो खरखऱ्या प्रिंटर पहिली ओळ छापतो: शशिकांत, एक. आणि बाई गवारीत तुझ्यापुरता गूळ घालतात.

हे असंच चाललं असतं, पण माझी बायको त्रिवेणी मध्ये पडली. ती अमीरपेटच्या कंप्युटर क्लासला जाऊन नवीन नवीन काय काय शिकून आलीय. आपली निम्मी पोरं आता कुकटपल्लीकडच्या कंपन्यांत असतात, रात्री येणार की नाही त्याचा पत्ता नसतो, तेव्हा ती म्हणाली की एक वेब पेज करू, पोरं ऑफिसातूनच कळवतील. तिने मला सोर्स मागितलं. मी म्हटलं, हौ, आत्ता देतो! (आपण मशीनवर नुसता तयार प्रोग्राम ठेवला होता. ज्यात बदल करता येतो ते मूळ लिखाण तू शर्टाच्या खिशातल्या फ्लॉपीत घालून घेऊन गेलास, हे मला तेव्हा आठवलं. 'जुनी प्रत बाजूला ठेवावी.' वा रे वा!) शेवटी त्रिवेणीने सगळं नव्याने लिहिलं. मोजणी शून्यापासून, जेवणारा नसेल तर भागाकारच करायचा नाही, असं रीतसर. आपल्याला हे सुचलं नव्हतं, हे मी तिला सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी नवी यादी निघाली. बाईंनी चष्मा लावला, वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. "हे खराब हाय. जुनं लाव," म्हणाल्या. त्रिवेणीने समजावलं, मावशी, तो माणूस नव्हता, ती एक तात्पुरती दुरुस्ती होती. बाई चिडल्याच. "माणूस नव्हता म्हणतीस? कण्या वाढल्या तर तोंड वाकडं करायचा, गूळ मागायचा, पाठीत धपाटा घातला की हसायचा. मला शिकवायलीस व्हय?" मी परत जुनं लावलं.

आता खरी पंचाईत ऐक. बाईंचे गुडघे गेलेत. पाटावर बसल्या की उठवायला दोघं लागतात. उदगीरहून त्यांची लेक वैशाली येऊन बसलीय, दसऱ्यानंतर आईला घेऊन जाते म्हणते, डॉक्टरही तेच सांगतो. जेवणारे आता उरलेत मूठभर, त्यांचं काय, कुठेही भागेल. पण बाई हलायला तयार नाहीत. "पंगतीतला एक जण जेवायचा असताना वाढणारीनं खोचलेला पदर सोडायचा नसतो. मशीन एक म्हणतंय तवर चूल कशी विझवू?" वैशालीने मशीनच बंद करून पाहिलं, तर बाई त्या दिवशी स्वतःही जेवल्या नाहीत. ती पोरगी माझ्यासमोर रडली रे. हौल्या, येड्या, तू शून्याने भागायचं टाळलंस आणि इथे त्या बाईचे गुडघे भागून गेले!

तरी विनंती अशी, की ती फ्लॉपी शोध आणि ताबडतोब धाडून दे. तुझी ती एक ओळ काढतो, यादी शून्यावर आणतो आणि बाईंना मोकळं करतो. घरी सर्वांना योग्य ते सांगावे. हणमंतरावांनी तुझ्या आत्म्याला शांती चिंतली आहे, तीही पोहोचवतो.

तुझा (अजून तरी),
हर्षवर्धन

ता. क. : ते ताट रोज वाया जातं असं समजून डोळे पुसू नकोस. बाई झोपायला गेल्या की ते मी जेवतो. मग विद्यानगरला येऊन घरी जेवतो. माझ्या सुटलेल्या पोटाचं खापर त्रिवेणी स्वतःच्या स्वयंपाकावर फोडते, तिला तसंच वाटू दे. आणि गवारीत गूळ बरा लागतो, हे तुझ्यापाशी कबूल करतोय, बाहेर बोलू नकोस.

ता. क. दुसरा : फ्लॉपी पोस्टाने पाठवू नकोस, वाकते. कुणाच्या हातीही नको, हरवते. स्वतः घेऊन ये.

ता. क. तिसरा : त्रिवेणी आत्ता मागे उभी राहून हे वाचून हसली. तिचा प्रोग्राम तयार असताना तुझ्या फ्लॉपीचं काय लोणचं घालायचंय, म्हणते. खरंय तिचं. तेव्हा फ्लॉपी सापडली नाही तरी चालेल, तू ये. दसऱ्याच्या आत ये, त्या भिंतीकडच्या पाटावर बस, तोंड वाकडं कर, गूळ माग, आणि पोटभर जेवून बाईंना सांग की झालं माझं. त्या आत्ताही तिकडे गवार निवडत बसल्या असतील.