हर्षाच्या गेमचं कार्ड

२१ जून २००९, रविवार

मशीन सुरू झालं, गेम झाला नाही.

कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या केशोरावच्या पोऱ्याने घरी येऊन विंडोज नव्याने टाकून दिलं होतं. मला वाटलं, आता काय, सीडी टाकायची आणि मोकळं व्हायचं. इन्स्टॉल नीट झालं, पट्टी शेवटपर्यंत गेली. चिन्हावर दोनदा दाबलं तर पडदा काळा, आणि मधोमध इंग्रजीत एक चौकट. डिक्शनरी घेऊन वाचली. ग्राफिक कार्ड सापडत नाही म्हणते.

कुठून सापडेल? मीच तोडलं.

लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. आठ जून, सोमवार. मिलमध्ये धान नव्हतं, दुपारीच सुटलो. घरी येतो तर हर्षा कॉम्प्युटरसमोर, आणि पडद्यावर तो गाव वसवायचा गेम. बारावीत एकावन्न टक्के, आणि पोरगी गेम खेळून राहिली! डोकं फिरलं. एक थप्पड मारली. मग कॉम्प्युटरचा डबाच ओढला. वायरीसकट टेबलावरून खाली आला. आतलं कार्ड मधोमध चिरलं. "किती दिवसांपासून चालू आहे हे?" तीनदा विचारलं. हर्षा दाराकडे पाहत राहिली, तिथे तिची आई, दुलारी, उभी होती.

तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. तेरा दिवस झाले. तेरा जुलैला ती नागपूरला जाते, बीएस्सीला, होस्टेलवर. अशीच गेली तर सुट्टीत घरी येईल, पण माझ्याकडे येणार नाही. हे मला पक्कं कळतं.

म्हणून ठरवलं आहे. ती जायच्या आधी गेम पहिल्यासारखा चालू करून द्यायचा, आणि मग माफी मागायची. रिकाम्या हाताने मागायची हिंमत नाही.

२२ जून

जेवताना हर्षा आईला म्हणाली, "बाबाले विचार, भात पाहिजे का." मी समोरच बसलो होतो. हातभर अंतरावर.

२४ जून

ड्युटी संपवून गोंदियात केशोरावकडे गेलो. तुटलेलं कार्ड सोबत नेलं नाही. कसं तुटलं म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होतो? तोंडीच सांगितलं — एवढं लांब, एक पंखा, लाल रंगाचं.

त्याने काउंटरवर तीन कार्डं मांडली. मी सगळ्यात जास्त एमबीवालं उचललं. तो हसला. "मिस्त्री, एमबी मत देखो, चिप देखो. पोतं मोठं असलं म्हणजे दाणा चांगला होते का?" हे मला पटलं. मिलमध्ये काम करणाऱ्याला हे शिकवावं लागू नये. दुसरं कार्ड एक नंबर होतं, पण त्याला नवीन पॉवर सप्लाय लागेल म्हणाला, आमच्या डब्यातला झेपणार नाही. मोटर मोठी आणि लाइन बारीक, हे दुखणं मला माहीत आहे. सोडलं. तिसरं घेतलं, आपल्या ऐपतीतलं.

"बोर्ड कौनसा है?" त्याने विचारलं. "साधाच आहे," मी म्हणालो. बोर्ड म्हणजे काय ते मला धड ठाऊक नव्हतं, पण तीन गिऱ्हाइकं ऐकून राहिली होती. वीस वर्षं फिटरकी केलेला माणूस 'माहीत नाही' कसा म्हणणार?

२५ जून

बसत नाही. कार्डाची खाच एका जागी, डब्यातल्या बोर्डाची दुसऱ्या जागी. उलटं धरून पाहिलं, दाबून पाहिलं. शेवटी कानस घेतली. मिलमध्ये न बसणारा पार्ट मी असाच बसवतो, दोन हात मारले की बसतो.

तेवढ्यात दुलारी आली. "घासू नका. खाच वेगळी आहे त कार्डच वेगळं असेल न."

"तुले काय समजते यातलं?" मी ओरडलो.

ती पोळ्या लाटायला गेली. कानस मी पाच मिनिटं हातात धरून बसलो, मग ठेवून दिली. बरोबरच बोलली होती ती. पण तसं म्हटलं नाही मी.

२७ जून

तुटलेलं कार्ड पेपरात गुंडाळून घेऊन गेलो. केशोरावने उघडून पाहिलं. "गिरा क्या?"

"मी पाडलं. रागात."

पहिल्यांदा कोणाजवळ बोललो. त्याने मान खाली घातली आणि कार्डाची खाच पाहू लागला. परवा नेलेलं कार्ड जुन्या पद्धतीचं, ते तुम्हाला चालणार नाही, म्हणाला, तुमच्या बोर्डाला नव्या पद्धतीचं लागते. ते परत घेतलं. दुसरं नागपूरहून मागवावं लागेल. कधी येईल? "चार-पाच दिन."

तेरा तारखेला सोळा दिवस आहेत.

२ जुलै

आलं नाही. फोन केला तर म्हणतो, पार्सल येऊन राहिलं.

३ जुलै

आलं नाही. हर्षाने पेटी काढून पुसली. चादरी, बादली, कुलूप, सगळी यादी करून भिंतीला लावली आहे. यादीत आईने काय द्यायचं ते आहे, मामाने काय द्यायचं ते आहे. माझं नाव कुठेच नाही.

४ जुलै

आलं! बसलंही, टक्‌ करून.

गेम उघडला तर आता दुसरीच चौकट. कुठली तरी फाइल नाही म्हणते. केशोरावला फोन लावला. गेमच्या सीडीतच डायरेक्टएक्स नावाचा फोल्डर असेल, तो आधी टाका, म्हणाला. आणि कार्डाच्या खोक्यात आलेली सीडी टाकली का? मी ती खोक्यातच ठेवली होती, कंपनीची जाहिरात समजून. दोन्ही टाकलं. टाकता टाकता लाइन गेली. साडेतीन तास. आमच्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक सकाळचं आणि लाइन जाते दुपारी.

५ जुलै, रविवार

गेम उघडला. डोंगर दिसले, नदी दिसली, नदीचं पाणी हललं. हर्षाला हाक मारणार होतो. आधी आपण पाहून घेऊ म्हटलं.

दहा मिनिटांत बंद. गेमच नाही, अख्खं मशीन बंद.

पुन्हा लावला. आठ मिनिटं. पुन्हा. सहा मिनिटं.

बरं झालं हाक मारली नाही.

६ जुलै

व्होल्टेजचा संशय आला. मिल घराला लागून, मोठी मोटर सुरू झाली की आमचे बल्ब मंद होतात. शेजारच्या जागेश्वरकडून फ्रिजचा स्टॅबिलायझर मागून आणला. काटा नीट, तरी बंद. विंडोज पुन्हा टाकू का? कार्डच खराब निघालं का? बदलून घ्यायचं म्हटलं तर पुन्हा नागपूर, पुन्हा पार्सल, आणि तोवर पोरगी होस्टेलवर. जेवण गेलं नाही. हर्षाने माझं ताट उचललं, उरलेल्या भाताकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

७ जुलै

आज पुन्हा ओरडलो. ठरवलं होतं की ओरडायचं नाही.

आमच्या घरात सगळं झाकलेलं असते. मिलच्या भुशाची धूळ दार लावलं तरी आत येते. म्हणून टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, शिलाई मशीनला झाकण. नवीन कार्ड आल्यावर मी कॉम्प्युटरच्या डब्याला जाड कापडाचं दुहेरी कव्हर करून घेतलं आणि मागून नाडी आवळली. वायरीपुरतीच फट ठेवली. एवढी महागाची वस्तू, धूळ जाऊन वाया जायला नको.

संध्याकाळी आलो तर कव्हर काढलेलं. दुलारीने.

"काऊन काढलं? भुसा जाईल न आत!"

"चालू असताना काढत जा म्हटलं."

"कायले? मी मिस्त्री आहो का तू?"

तिने कव्हर चढवलं, नाडी पहिल्यापेक्षा घट्ट बांधली. हर्षा तिथेच कपड्यांच्या घड्या करत होती. आईकडे पाहून तिने मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, बापाच्या तोंडी लागू नको असं सुचवते.

८ जुलै

मिलमध्ये माझ्या हाताखालच्या बकारामने कोंड्याच्या ब्लोअरच्या मोटरवर रिकामे बारदाने टाकून ठेवले होते. मोटर तापून वास सुटला. मी त्याच्यावर धावून गेलो, "अबे, मोटरले हवा पाहिजे का नाही? असा कोंबून ठेवशील त जळेल न ते —"

एवढं म्हटलं आणि हातातला पाना तिथेच ठेवला.

सुट्टी टाकून घरी आलो. कव्हर तसंच ठेवून गेम लावला, बंद पडताच कव्हर फेकलं, डब्याची बाजू खोलली. कार्ड एवढं गरम की बोट टेकववत नव्हतं. जाळीत भुसा दडपलेला, तो आधीपासूनचा. सायकलच्या पंपाने हवा मारली, ब्रशने पंखा साफ केला. बाजू उघडीच ठेवून गेम लावला आणि घड्याळ समोर घेऊन बसलो. अर्धा तास. एक तास. दोन तास. बंद झाला नाही.

वीस वर्षांचा फिटर, आणि स्वतःच्या हाताने मशीनचं नाक बांधून बसलो होतो. दुलारीने केलं तेच बरोबर होतं. तिला कसं कळलं, हे विचारायचं राहिलं. आज आनंदात होतो.

१० जुलै

कालचा दिवस धीर गोळा करण्यात गेला. आज हर्षाला म्हटलं, "जरा इकडे ये." खुर्ची ओढून दिली. गेम चालूच होता. "पहिल्यासारखा झाला. तुझं जुनं गाव त्या दिवशी गेलं, ते आणता आलं नाही. माझं चुकलं, बेटा. हात उचलायला नको होता."

ती बसली. हात मांडीवर. माऊसला हात लावला नाही. मला वाटलं, अजून राग आहे. मी म्हटलं, "खेळ न, मी काही म्हणणार नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक महिना दोन दिवसांनी माझ्याशी बोलली. "बाबा, मले नाही येत हा गेम. एक दिवसही खेळली नाही मी. आईले द्या."

१२ जुलै, रविवार

दुलारी दोन दिवस हो-नाही करत होती. आज बसली. बोटं भराभरा चालून राहिली होती. विहीर, कोठार, रस्ता. सात महिने माझ्या ड्युटीच्या वेळेत खेळत होती म्हणे. त्या दिवशी ती खुर्चीवरून नुकतीच उठली होती, आणि हर्षा तिथे नुसतीच टेकली होती.

मी विचारलं, "थप्पड खाल्ली पोरीने, तरी सांगितलं नाही? तूही नाही?"

पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "तिले एकच मारली तुम्ही. मले मारताना एकावर थांबले असते का?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. हर्षा माझ्याकडे पाहत होती. मी तोंड मिटलं.