गजकर्णामुळे लांबलेलं बारसं

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
४ जून २०१६

चि. दिनानाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नातवाचं बारसं पुढे ढकल. फोनवर सांगितलं असतं तर भिंतीपलीकडे प्राजक्ताने ऐकलं असतं, आणि मूळ दोषी तीच. तुझ्या प्रितमला बहीण नाही म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं. पण कुर्र म्हणताना बायका नेमक्या जिथे धपाटे घालतात, तिथेच मला गजकर्ण उठलं आहे.

खाज सुटते असं मी सहज बोलले. माझा लाडवांचा डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून प्राजक्ताने त्यात स्वतःची अर्धी मलमाची ट्यूब घालून पाठवली. तीन दिवसांत खाज थांबली, मीही थांबले. आता चट्टा ताटाएवढा आहे. डॉक्टर म्हणाले, असल्या मिश्र मलमाने खाज दबते आणि बुरशी वाढते; अर्धवट उपचारांनी ती इतकी निर्ढावली आहे की नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. अकरा घरांत एकच ट्यूब फिरली म्हणे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी वाटून घ्यायला शिकवलं होतं, पण त्यांचा रोख खाऊकडे होता.

सूनबाई कीर्तीला आशीर्वाद. लोभ आहेच, फक्त लांबून.
तुझी, ताई

आपटा
१५ जून २०१६

ती. ताईस सा. न. वि. वि.

कीर्ती म्हणते, बाळाचं नाव आत्याआजीनेच सांगायचं. थांबू.

इकडे कारल्यावर भुरी आली आहे. दर चार दिवसांनी तेच औषध मारतो, तर बुरशी त्यावरच पोसते की काय असं वाटतं. कृषी सहाय्यक तुझ्या डॉक्टरांसारखंच बोलले, की औषध बदलत राहा. तुझं आणि कारल्याचं, दोन्ही औषधं एकाच कुळातली असतात म्हणे. म्हणून तुझ्यासाठी थोडं बाटलीत काढत होतो, पण फवारणीवाला बुधा म्हणाला, जे कारल्यावर चालत नाय ते ताईंवर काय चालनार.

एक विचारायचं राहिलं. मागे चटणीच्या डब्यातून तू अर्धी ट्यूब पाठवलीस, ती तीच का? आम्ही तिघं लावतो. फार थंड वाटतं.

राग नसावा, माया असावी.
तुझा, दिनानाथ

खांदा कॉलनी
११ नोव्हेंबर २०१६

चि. दिनानाथ यास आशीर्वाद. वि. वि.

पाच महिने गोळ्या घेतल्या, टॉवेल वेगळा ठेवला, कपडे उन्हात वाळवले. काल डॉक्टरांनी मला मोकळं केलं. ती ट्यूब मी मायेने पाठवली होती; तुम्ही ती वापरलीत हा तुमचा दोष.

बाळ बसायला लागलं, तरी कागदोपत्री ते अजून कीर्तीचं बाळ आहे, आणि गाव त्याला बुवा म्हणतं. हे यापुढे चालणार नाही. सोमवारी मी येते. तुम्हा तिघांचे चट्टे अजून गेलेले नाहीत, बाळ तेवढं सुटलं आहे; तर तू, प्रितम आणि कीर्ती अंगणाच्या कडेला उभे राहा. पाळण्याजवळ मी एकटी. धपाटे नकोत. नाव मी त्याच्या कानात अगदी हळू सांगणार आहे.

तुम्हाला ते ऐकू येणार नाही. तिघांनीही औषध पुरतं घेऊन कातडी स्वच्छ झाल्याचा डॉक्टरांचा कागद मला पाठवा. उलटटपाली नाव कळवीन.

तोवर बुवाला माझे पापे.
तुझी, ताई