वरच्या कोपऱ्यात पत्ता नाही

अमरावती, १२ नोव्हेंबर

प्रिय प्रियदर्शनी,

वर गाव आहे, तारीख आहे, पत्ता नाही. ते तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. गेल्या महिनाभरात तू तीनदा माझ्या नव्या घराचा पत्ता मागितलास आणि तिन्ही वेळा मी तुला टोलवलं. एकदा रंगकाम चालू आहे म्हटलं, एकदा नळाला पाणी नाही म्हटलं, तिसऱ्यांदा सभेला निघालेय असं सांगून फोन ठेवला. सभा नव्हती. मी पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पत्र लिहितेय, कारण फोनवर मी बोलायला लागले की जिंकते. आज मला जिंकायचं नाही.

तुझं मागणं केवढं साधं होतं. पंचफुला मावशीचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी. दवाखाना इथे, तुमचं घर आता तिकडे अंजनगावला. सुया काढल्याबरोबर एसटीत बसवलं की तिला गरगरतं. "आईले दोन तास आडवं व्हाले जागा पाहिजे, बाकी काई नको," म्हणालीस. आणि मी नळाच्या पाण्याच्या गोष्टी सांगत बसले.

परवा अकोल्याला जुन्या शहरात माझं भाषण होतं. विषय तोच, माणसाला माणूस म्हणून जागा देण्याचा. मोर्णा नदीच्या अलीकडले-पलीकडले सगळे आले होते. टाळ्या इतक्या पडल्या की माइकवाला हसायला लागला. उतरताना एका मुलीने विचारलं, मॅडम, एवढं वाचन कुठे केलंत? मी पातूर तालुक्यातल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. बुद्धविहारातल्या हिरव्या लोखंडी कपाटाचं सांगितलं, तुझ्या वडिलांनी, मोतीरामकाकांनी, त्याची किल्ली फुलं विकणाऱ्या उत्तमरावांच्या पोरीच्या हातात बिनधास्त दिली होती हेही सांगितलं. माझे बाबा बाजारात शेवंती विकत बसायचे आणि मी तुमच्या ओट्यावर पुस्तकं संपवायची. मावशी ताट पुढे सरकवायची, "खाय व बाई आंधी, मंग भाषण ठोकजो." ती मुलगी सगळं वहीत उतरवून घेत होती. मला तिच्या हातातून वही काढून घ्यावीशी वाटली.

आता घराचं सांगते. परकोटाच्या आत आहे. जुनी दगडी भिंत गल्लीच्या तोंडाशीच दिसते आणि आत शिरलं की शहराचा आवाज बाहेर राहतो. सकाळी शेजारच्या घरी कुणीतरी पेटी वाजवतं. घर शंभर वर्षांचं, पण नव्याने दुरुस्त केलेलं. सागवानी खांब घासून तेल पाजलेले, कोनाडे तसेच ठेवलेले, न्हाणीत धरायला दांडा, आणि तळमजला. उंबरासुद्धा काढून टाकलाय. पूर्वेच्या खिडकीखाली एका खाटेपुरती बरोबर जागा आहे.

तू वाचता वाचता थांबली असशील. थांब. तेच घर आहे.

जूनमध्ये आपण तिघी पाहायला आलो होतो तेच. मावशीने त्या खिडकीखाली उभं राहून हाताने खाटेची लांबी मोजली होती आणि म्हणाली होती, "इथं पडलं की दवाखाना काय, हाक मारली तरी ऐकू जाईन." मालक नत्थुजी तेव्हा किती गोड बोलले! आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की भाचा राहायला येतोय. तू मला सांगितलंस आणि वर हसलीस, "असू दे व रागिणी, लोकाले भाचे असतातच." त्यापुढे तू काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. तुला वाटलं असेल, मला राग आलाय. मला भीती वाटत होती.

कारण मधल्या दुसऱ्या दिवशी नत्थुजींनी मला बोलावलं होतं. तूच माझं नाव ओळखीसाठी दिलं होतंस आणि बजावलं होतंस, फक्त एवढंच सांग की पंधरा वर्षं नोकरी आहे, स्वभाव शांत आहे. जास्त बोलू नको. त्यांनी चहा मागवला, पाऊसपाणी काढलं आणि मग सहज विचारलं, "गावात घर कोण्या अंगाले हाये त्यायचं?" हा प्रश्न मला ओळखू येत नाही असं मी म्हणूच शकत नाही. जात विचारायची नसते आणि कळायला तर हवी असते, तेव्हा आपल्याकडे घराची दिशा विचारतात. याच प्रश्नावर मी व्यासपीठावर लोकांना रडवलंय. तेव्हा उत्तर एकच होतं, गप्प बसणं. तू तेवढंच मागितलं होतंस. पण माझ्या अंगात भाषण शिरलं. मी म्हटलं, अंग काय विचारता, त्या घराचं मोठेपण विचारा! मोतीरामकाका, विहार, कपाट, सगळं सांगितलं. वीस मिनिटं बोलले. छान बोलले, हे त्याहून वाईट. नत्थुजी मान डोलावत ऐकत होते आणि त्यांना हवं ते त्यांना पहिल्या मिनिटातच मिळालं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ती चूक म्हणता आली असती. महिन्याने तुझी मोजपट्टी आणायला मी पुन्हा तिकडे गेले, पडद्यांसाठी माप घेताना तू कोनाड्यात विसरली होतीस ती. घर रिकामंच होतं. "भाचा नाही आला," नत्थुजी म्हणाले, "मॅडम, तुमीच काहून नाही राहत? आपलीच माणसं पाहिजेत." आपली! मी पेटून उठायला हवं होतं. मी खिडकीकडे पाहिलं. होस्टेलच्या दहा बाय दहाच्या खोलीत अकरा वर्षं काढली होती. मी म्हटलं, विचार करते. विचार चहा निवेपर्यंत टिकला. मोजपट्टी अजून माझ्याकडेच आहे, पडदे तिनेच मापले.

काल मी नत्थुजींना सांगितलं की मंगळवारी आणि शुक्रवारी पंचफुलाबाई माझ्याकडे येतील. त्या म्हणजे कोण तेही सांगितलं, आणि भाचा आला नव्हता याची आठवण करून दिली. मला वाटलं, भांडण होईल. ते म्हणाले, "पाहुणे म्हणून येऊ द्या ना, मी काहून नाही म्हणीन?" पाहुणे म्हणून चालतात, भाडेकरू म्हणून नाही. मी स्वतः त्या 'आपल्या माणसां'त सही करून बसलेय.

घर सोडावं असं रोज वाटतं. पण सोडलं तर मन माझं हलकं होईल, मावशीचा एसटीतला एक खड्डाही कमी होणार नाही. म्हणून ते तू ठरव. सोड म्हणालीस तर सोडते. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर त्या दोन दिवशी मी बाहेर असेन, किल्ली आजच या पाकिटात घातलीय. बोटाला लागली असेल. काकांनी मला दिली होती तशी बिनधास्त मला देता येत नाही. खिडकीखाली खाट टाकली आहे. तिच्यावर मी एकदाही बसले नाही. मावशीला खरं सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. मला विचारशील तर सांग. तिने मला आधी जेवू घातलंय, मग बोलू दिलंय. आज मी आधी बोलले.

मंगळवारी साडेबाराला सुया निघतात ना? दवाखान्याच्या फाटकातून उजवीकडे वळलं की पायी दहा मिनिटं. पत्ता लिहीत नाही. तुझ्याकडे तो माझ्याआधीपासून आहे.

तुझीच म्हणवून घ्यायची अजून मुभा असेल तर तुझीच,
रागिणी