बाप्तिस्म्यावाचून

बाळकुम, १२ मे १८९२

पुन्हा उलट्या. पेजसुद्धा पोटात राहत नाही. तिसराच महिना, आणि पोट सहाव्यासारखं! निऱ्या बसत नाहीत.

सासू चुलीपाशी बोटं मोजत होती. मला ऐकू जाईल अशा बेतानं. "लगीन जानेवारीतलं. मग हे पोट कवाचं गो?"

मी परसात पळाले. तोंड उघडलं की ओकारीच येते.

१५ मे

चर्चातला मिस्सा सुटल्यावर बाहेर बायका घोळक्यात बोलत होत्या. मी जवळ जाताच पांगल्या!

१९ मे

आज सिल्वेस्टरनंही विचारलं. मिठागरावरून आला, पाय धुतले, जेवला — मग. खाली बघून. "खरं सांग. माझंच ना?"

हा माझा नवरा! मला आईबाप नाहीत, वांद्र्याच्या मठातल्या मदरांनी वाढवलं. लग्नाआधी याला एकदाच पाहिलं, तेही मदर मध्ये बसलेली. दुसऱ्या कुणाचं असणार? मदरचं?

म्हटलं, "तुझं नाही. सैतानाचं." उठून बाहेर गेला. बरं वाटलं. थोडाच वेळ.

३ जून

रक्त.

८ जून

आता बसून लिहवतं.

परवा सगळं पडलं. सुईण रंगूबाईनं घमेल्यात धरलं. पोर नव्हतं. हात नाही, पाय नाही, तोंड नाही. नुसते पाण्याचे फोड, एकाला एक लागलेले — द्राक्षांसारखे. घडच्या घड! रंगूबाई मागे सरली. सासूनं वर फडकं टाकलं.

सिल्वेस्टरनं ठाण्याहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, "मूल नव्हतंच. नुसती वारच भलतीसलती वाढली, तिचे हे फोड. म्हणून पोट इतकं लवकर दिसलं. यात बाईचा दोष नाही."

सिल्वेस्टरनं मान डोलावली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

मूल नव्हतंच! मग इतके दिवस मी बोलत होते कुणाशी?

१० जून

पाद्रीबाबा आले. मी बाप्तिस्मा मागितला. "मुली, जीवच नव्हता त्यात. पाणी कुणावर घालू?" कबरस्तानातही जागा नाही म्हणाले. रागावून नाही, अगदी मायेनं. तेच जास्त लागलं.

सिल्वेस्टरनं घमेलं नेऊन खाडीत रिकामं केलं. घासून परत आणलं!

२१ ऑगस्ट

गावात आता नवीनच — मीच औषध घेऊन पाडलं म्हणे. सासूच्या कानावर आहे. ती तांदूळ निवडते.

सिल्वेस्टर गोड बोलतो हल्ली. "विसर आता. दुसरं होईल." डॉक्टरानं वर्षभर थांबायला सांगितलंय, ते हाच विसरला! आणि त्या दिवशी विचारलेलं? त्याबद्दल "चुकलो" एवढंसुद्धा नाही.

मी माझी चटई स्वयंपाकघरात घातली.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सासूनं घरच्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या. एक उरली. ती घेऊन कबरस्तानाच्या भिंतीबाहेर गेली, गवतात लावली. मी मागोमाग गेले.

"ही कुणाची?"

"माझ्या पयल्याची. तुझ्यासारखंच गो. सगळी द्राक्षं."

म्हणजे पोट असंही वाढतं, हे हिला ठाऊक होतं. आणि मुलाला एक शब्द बोलली नाही!